मनकर्णेच्या हातचं बियाणं

“या माना कोनं कापल्या?”

जगदेवबुवांनी कोंब फुटलेला कांदा मनकर्णेच्या पुढ्यातल्या सुपात टाकला आणि सुपातली निवडलेली डाळ ओसरीभर उडाली. पोळा चार दिवसांवर आला होता. धाकटी सून रुख्मिणी चुलीशी बसली होती, ती तिथल्या तिथे थिजली. बुवांचा आवाज चढला नव्हता, आणि हीच तर भीती होती! बुवा ओरडले की घर निर्धास्त असायचं, कारण ओरडून झालं की माणूस मोकळा होतो. ते हळू बोलू लागले की समजावं, आज कोणाचं तरी दाणापाणी उठलं.

वाशीमच्या अलीकडे, कोसभरावर त्यांचा विहिरीचा मळा. उन्हाळ्याच्या तोंडाशी काढलेला कांदा कोठ्यात रचून ठेवायचा आणि पोळा-दसऱ्याला, जेव्हा बाजारात कांदा दिसेनासा होतो, तेव्हा बाहेर काढायचा; घराचं वर्ष त्यावर निघायचं. त्या दिवशी सकाळी बुवांनी कोठ्याचं दार उघडलं, तर वास आधी बाहेर आला. तळचा कांदा सडून पाणी झालेला, वरचा सगळा हिरव्या कोंबांनी ताठ उभा. पोळ्याआधीच घराचं वर्ष संपलं होतं!

ज्यानं कांदा फक्त ताटात पाहिला, त्याला एवढं सांगायला हवं की कांदा टिकायचा तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काढल्यावर पात कापताना वर दोन बोटं मान ठेवायची. आखूड कापली की आत हवा जाते, ओल जाते आणि कांदा नासतो. आणि दुसरी गोष्ट, पात पिवळी पडून आडवी झाली की पाणी बंद. त्यानंतर एक पाणी जरी दिलं तरी कांदा फुगतो, देखणा होतो, आणि आतून त्याचा जीव गेलेला असतो. या दोहोंपैकी एक चूक झाली होती; सडल्या-कोंबलेल्या कांद्याच्या माना आता मोजता येत नव्हत्या, आणि चूक कोणती हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. एक मनकर्णा. दुसरा तिचा दीर शालिकराम, जो त्या घटकेला बैलांच्या गोठ्याच्या दारात रंग उडालेल्या चेहऱ्यानं उभा होता.

चैत्रात बुवा मानोऱ्याला सोयऱ्याच्या लग्नाला गेले होते. चार दिवस. जाताना चारदा सांगून गेले, पात पडली आहे, आता मोट जुंपायची नाही. पण शालिकरामला कांदा बारीक वाटला. बावीस वर्षांचं पोर. थोरला भाऊ पंजाबराव नऊ वर्षांमागं तापानं गेला, तेव्हापासून त्यानं उठता-बसता एकच ऐकलं होतं, की पंजाब असता तर असं केलं असतं, पंजाब असता तर तसं. बापाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, आपल्यासाठी बरा शब्द यावा, या एका तृष्णेपायी त्यानं दिवस उगवायला मोट जुंपली आणि सगळे वाफे भरले. मनकर्णा भाकर घेऊन गेली तेव्हा पाणी पातीच्या बुडाशी चमकत होतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण वाफ्यात शिरलेलं पाणी कोणाच्या बापाला परत काढता आलं आहे? बुवा आले तोवर माती सुकली होती, कांदा टपोरा झाला होता. बुवांनी एक उपटून पाहिला आणि म्हणाले, औंदा कांदा बरा भरला. शालिकराम त्या चार शब्दांवर चार दिवस जगला... त्याच्या तोंडावरचं ते तेज मनकर्णेला पुसवलं नाही. म्हटलं, राहू दे, कदाचित टिकेलही. ती तिची चूक, आणि ती तिनं पुढे कधी नाकारली नाही.

आता बुवा उत्तराची वाट पाहत उभे होते. कापणीच्या बायांवर देखरेख मनकर्णेची होती, म्हणून प्रश्न तिलाच होता.

मागच्याच साली शालिकरामच्या हातून मिरचीचं रोप जळालं तेव्हा बुवांनी देवापुढं सांगितलं होतं, की आणखी एक चूक झाली तर याचं गाठोडं बाहेर, मग यानं कापसाच्या जिनात जाऊन सरकी वाहावी नाही तर परमुलखात मरावं. बुवा बोलले ते करणारे. रुख्मिणीला तिसरा महिना होता. मनकर्णेनं एका श्वासात सगळा हिशेब मनाशी मांडला. विधवा, निपुत्रिक सून गेली तर घरातली एक भाकर कमी लागेल, पण उरलासुरला लेक गेला तर त्या म्हाताऱ्याच्या घरात दिवा लावायला कोण उरेल? तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

“म्या कापल्या, मामंजी. आखूड झाल्या. माहीच नजर चुकली.”

गोठ्याच्या दारातून एक पाऊल पुढे आलं, आणि मनकर्णेनं डोळ्यांनीच त्याला मागे ढकललं.

बुवांनी सुपातला कांदा उचलून अंगणात टाकला. मग म्हणाले, “पंजाबच्या माघारी तुले ठेवलं, ते तुले मळ्याची जान-समज हाय म्हनून. ते बी गेली. रुख्मिणीचं बाळंतपन झालं का इंद्रभानले निरोप धाडतो. तोवर मळ्यात पाय टाकू नोको.”

इंद्रभान म्हणजे मनकर्णेचा भाऊ, किन्हीराजाचा. माणूस गरीब स्वभावाचा. पण बायको अशी, की पाहुण्याला पाणी देण्याआधी किती दिवस राहणार ते विचारायची. तिथं जन्मभर कोपऱ्यात बसून, दुसऱ्याच्या चुलीवरची भाकर मान खाली घालून गिळायची... आणि जिथं सोळाव्या वर्षी माप ओलांडून आली, जिथल्या विहिरीचा झरा कोणत्या महिन्यात कोणत्या कपारीतून येतो हे तिला माहीत, ते सगळं सोडायचं! पण तिनं खाली वाकून सांडलेली डाळ गोळा करायला घेतली, कारण दुसरं काय करणार होती बिचारी?

दुपारी शालिकराम गोठ्यात तिच्यापुढे येऊन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. सासू गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता; नवी सून होऊन आलेल्या मनकर्णेनं त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या, गोवरात त्याला मांडीवर घेऊन बसली होती. तो म्हणाला, मी आत्ता जाऊन सांगतो. मनकर्णेनं त्याचा हात धरून ठेवला.

“मी गेली तं घर राहीन, शालिक. तू गेला तं कोनाचं राहीन? रुख्मिणीच्या पोटातल्या लेकराची आन हाय तुले.”

त्या शपथेनं त्याचं तोंड बांधलं गेलं. माणसाचं भलं करताना आपण त्याला किती लुळं करून टाकतो, हे तिला त्या वेळी कळलं नाही. कळलं असतं तरी तिनं तेच केलं असतं म्हणा!

सडका कांदा गोठ्यामागच्या उकिरड्यावर गेला आणि कोंब आलेल्या कांद्यांचाही त्याच्या शेजारी ढीग पडला. शेण टाकायला जाताना मनकर्णा तिथं थांबायची. एके दिवशी तिनं ढिगातला एक कांदा दाबून पाहिला. घट्ट होता. दुसरा पाहिला, तोही घट्ट. कोंब फुटला होता, पण अंग शाबूत होतं. तिला आपली आई आठवली. किन्हीराजाला असाच कोंब आलेला एखाददुसरा कांदा आई न्हाणीपाशी मातीत खोचायची. माघात त्याला पांढरे गोंडे यायचे आणि गोंड्यांत काळं बी. घरापुरतं बियाणं त्यावर निघायचं. इथं मात्र मळेवाले सगळे दर साली पेठेतल्या दुकानातून बाहेरगावचं बियाणं आणत. मोठ्या कांद्याचे लोक, कांदा जमिनीत परत गाडायचा हे त्यांना कसं सुचावं?

सुचलं, पण हात थबकला. नऊ वर्षांत मनकर्णेनं मातीत दाणा टाकला नव्हता. निंदण तिचं, खुडणी तिची, डोक्यावरची पाटी तिची, फक्त पेरणीची मूठ तिची नाही; विधवेच्या हातचं बियाणं उगवत नाही, उगवलं तर फळत नाही, असं सगळ्या शिवारात मानत. ती बराच वेळ त्या ढिगापाशी उभी राहिली. मग मनाशीच म्हणाली, पण हे बियाणं थोडंच आहे? हा तर कचरा आहे. कचऱ्यासाठी कोणी नेम केला आहे? आणि मळ्यात पाय टाकायला बंदी; गोठ्यामागची, विहिरीचा गाळ टाकलेली पट्टी काही मळा नव्हे. असं स्वतःला समजावत तिनं घट्ट कांदे वेचले, सावलीत पसरले, आणि दसऱ्याच्या सुमारास, शालिकरामनं मुकाट्यानं कुदळून दिलेल्या त्या पट्टीत एक-एक करून लावले.

पाणी शालिकराम वाहायचा. रोज, दिवस उगवायच्या आधी विहिरीवरून खांद्यावर कावड. बोलायचा नाही, तिच्या डोळ्यांकडे पाहायचा नाही. एकदा बुवांनी विचारलं, हा काय खेळ मांडला आहे; तेव्हा मनकर्णेनं आधीच पढवून ठेवल्याप्रमाणे तो म्हणाला, बियानं धरून पाहतो, बा. बुवा हुं म्हणाले. नाव त्याचं झालं ते असं. मनकर्णेला त्याचं काही वाटलं नाही असं मात्र कोणी समजू नये... वाटलं. रात्री पाठ टेकल्यावर पुष्कळ वाटलं.

हिवाळा कठीण गेला. कोठा रिकामा, म्हणून वांगी-मेथीवर घर ओढायचं. साठी उलटलेले बुवा स्वतः डोक्यावर पाटी घेऊन वाशीमच्या रविवारच्या बाजाराला जाऊ लागले. दारातून ती वाकलेली मान जाताना मनकर्णा पाहायची आणि तिच्या जिभेवर यायचं, मामंजी, मी येते, द्या ती पाटी इकडे. पण बुवा तिच्याशी बोलत नव्हते. तिच्या हातचं वाढलेलं जेवत, पण ताटाकडे पाहून; ताट कोणी ठेवलं त्याकडे नाही.

माघात गोंडे फुलले. गोठ्यामागं पांढरं शुभ्र! मधमाश्यांनी ती पट्टी दिवसभर घुमत राहायची आणि रुख्मिणी जड पावलांनी येऊन तिथंच बसायची. आणि मग एका दुपारी उत्तरेकडून आभाळ काळं होत आलं. गारा पडू लागल्या. मनकर्णा, शालिकराम, दोघं गोठ्याच्या वळचणीखाली उभी राहून पाहत होती. धावून तरी काय झाकणार, कशानं झाकणार? घटकाभरात निम्मे दांडे मोडून मातीत लोळले. शालिकराम मटकन खाली बसला. मनकर्णा गारा थांबताच पट्टीत उतरली आणि उरलेल्या दांड्यांना तुराट्या बांधू लागली. तिचे ओठ हलत होते. देवाशी भांडत होती की त्याला विनवत होती, कोणास ठाऊक.

फाल्गुनात रुख्मिणी बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण पोचण्याआधीच मनकर्णेच्या हातांत ते लेकरू आलं होतं. तो उबदार गोळा छातीशी धरला तेव्हा तिला भडभडून आलं. या लेकराचा सव्वा महिना झाला की आपलं इथलं शेवटचं काम उरकलं, हे तिला पक्कं माहीत होतं. बुवांनी किन्हीराजाला निरोप धाडलासुद्धा.

त्या सव्वा महिन्यात गोंडे पिकले. पहाटेच्या दवात, दाणा गळू नये म्हणून, तिनं ते एकेक खुडले. वाळवले, चोळले, बी पाखडलं, पाण्यात टाकून पाहिलं. हलकं तेवढं वर तरंगलं, बाकी सगळं तळाशी गेलं. दोन गाडगी भरून काळंभोर बी! आणि त्याच साली साता समुद्रापलीकडच्या मोठ्या लढाईपायी मालगाड्यांची अशी काही ओढाताण झाली, की पेठेतल्या दुकानात बाहेरगावचं बियाणं आलंच नाही. मृगाआधी रोप टाकायचं कसं, म्हणून शिवारातले मळेवाले हवालदिल झाले. शेजारच्या मळ्याच्या रामरावांनी माघातच कुंपणावरून ते पांढरे गोंडे पाहून ठेवले होते. त्यांनी चौघांना सांगितलं, चौघांनी आणखी चौघांना.

रविवार होता. इंद्रभाननं बाजाराच्या निमित्तानं गाडी आणली आणि ती अंगणात सोडली. मनकर्णेचं गाठोडं तयारच होतं. नऊवारी लुगडी दोन, कुंकवाचा रिकामा करंडा, पंजाबरावाचा एक सदरा. रुख्मिणी लेकराला घेऊन दाराआड हुंदके देत होती. आणि बाजाराला निघालेले रामराव, त्यांच्यामागं सात-आठ मळेवाले, असे सगळे त्याच वेळी बुवांच्या ओसरीवर येऊन टेकले. बियाणं द्या, म्हणाले. लागेल ते देऊ, आणि पुढच्या सालासाठीही आत्ताच सांगून ठेवतो.

बुवांची छाती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भरून आली. गाडगी त्यांनी स्वतः उचलून ओसरीवर आणली, मूठभर बी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं, आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पाहा हे. सारं साल बुडालं, मी डोक्याले हात लावून बसलो, अन् माह्या पोरानं उकिरड्यावरून घर उभं केलं. पंजाब असता तं त्याले बी हे सुचलं नसतं.”

पंजाब असता तर त्यालाही सुचलं नसतं! ज्या शब्दासाठी शालिकराम जन्मभर भुकेला होता, ज्यापायी त्यानं मोट जुंपली होती, तो शब्द चारचौघांत, त्याच्या हक्काचा होऊन त्याच्या ओंजळीत पडला होता. त्यानं तोंड मिटून घेतलं असतं तर त्याला कोण काय म्हणणार होतं? पलीकडे मनकर्णा गाडीच्या चाकापाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, खरंखुरं समाधान, आणि तेच त्याला सोसवलं नाही.

“पानी म्या देल्लं होतं, बा.”

कोणाला काही उमगलं नाही. शालिकरामनं खांद्यावरचा बापाचा हात बाजूला केला.

“तुमी मानोऱ्याले गेलते तवा. पात पडल्यावर साऱ्या वाफ्यायले. माना दोन बोटं होत्या, बरोबर होत्या. वैनीनं माह्यासाठी खोटं सांगतलं. अन् हे बियानं बी तिचंच हाय, म्या फकत पानी वाह्यलं. लेकराची आन घातलती तिनं... आता लेकरू झालं, आन फिटली. मले घराबाहेर काढा.”

मनकर्णा पुढे धावली. पोर काहीतरी बरळते मामंजी, तुम्ही मनावर घेऊ नका, असं म्हणू लागली. पण तिला पुढे खोटं बोलता आलं नाही. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं डोळ्यांवाटे वाहू लागलं.

बुवांनी पोराकडे पाहिलं, मग सुनेकडे. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्यांनी एक गाडगं उचललं, अंगणात आले आणि तिच्यापुढं धरलं.

“दे या लोकायले. तुह्या हातानं.”

ओसरीवर चुळबुळ झाली. एक म्हातारा मळेवाला चाचरत म्हणाला, बुवा, सालाचं पहिलं बियाणं, आणि बाई विधवा... राग मानू नका, पण पोराच्या हातून मिळालं तर बरं.

“माह्या घरचं बियानं तिच्याच हातून भेटन,” बुवा म्हणाले. “औंदा बी, पुढच्या साली बी. अर्धा मळा बियान्याले ठेवतो, अन् कांदा कोनता निवडाचा ते हे बाई सांगन, पानी शालिक देईन, तिनं सांगतल्यावर. ज्याले चालत नसन त्यानं पेठेत पाहावं.”

तिघं उठून गेले. इंद्रभान गाडीपाशी अवघडून उभा होता. रामराव जरा वेळ बसून राहिले. मग खाली उतरले आणि त्यांनी उपरण्याचं टोक तिच्यापुढं पसरलं.

मनकर्णेनं मूठ भरली. नऊ वर्षांनी! पण मूठ उघडायची सवयच मोडली होती; निम्मी मूठ उपरण्यात पडली आणि निम्मी अंगणातल्या धुळीत सांडली. तिनं घाबरून खाली वाकायला पाहिलं, तोवर बुवाच गुडघे टेकून तिच्या पायांशी बसले होते आणि धुळीतले काळे दाणे एकेक करून वेचू लागले होते. नजर अधू झालेली, दाणा कोणता आणि खडा कोणता ते कळत नव्हतं, बोटांना सापडत नव्हतं. मनकर्णा कासावीस झाली. म्हणाली, मामंजी, राहू द्या, उठा, मी वेचते.

“येचू दे वो बाई,” बुवा मान वर न करता म्हणाले. “लय सांडलं माह्या हातून.”

मग तीही त्यांच्यासमोर धुळीत बसली, आणि दोघं वेचत राहिली. रामराव उपरणं पसरून तसेच उभे होते. इंद्रभाननं मनकर्णेचं गाठोडं ओसरीवर नेऊन ठेवलं आणि बैलांना चारा टाकला.